घराजवळचं हरीण: एकट्या शिकाऱ्याच्या मागे उभा असलेला इतिहास

आजच्या भागाचा विषय वाचून काही जणांच्या भुवया वर जातील. विषय आहे हरणाची शिकार. आणि ती राजे-महाराजांची नाही, हत्ती आणि हाकारे घेऊन केलेली नाही. एक साधा नोकरदार माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला उठतो. घरापासून तासाभराच्या अंतरावर गाडी लावतो. पाठीवर सॅक, खांद्यावर रायफल आणि डोक्याला लावलेल्या टॉर्चच्या उजेडात एकटाच डोंगर चढायला लागतो. नशीब असेल तर रात्री मांस घेऊन घरी येतो. आणि हे सगळं शंभर टक्के कायदेशीर.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत दरवर्षी हजारो लोक असं करतात. त्यांच्या आवडीचं एक जनावर म्हणजे म्यूल डिअर. मी स्वतः आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, धरायची इच्छाही नाही. पण एका प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं. एखाद्या सामान्य माणसाला, जो जमीनदार नाही, राजा नाही, घराजवळच्या डोंगरात जाऊन एकट्याने हरीण मारायचा हक्क मिळाला कुठून?

आपल्याला हा प्रश्न जास्तच विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे ही भानगडच नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1991 ची दुरुस्ती, यानंतर भारतात हौसेची शिकार संपली. त्याआधीचं चित्र आठवा. राधानगरी-दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान होतं, 1958 मध्ये त्याचं अभयारण्य झालं. म्हणजे शिकार एकतर राजाची आणि साहेबाची, नाहीतर चोरटी. आणि पारध्यांसारखे जे समाज पारध करूनच जगायचे, त्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी जनावराची ओळख

म्यूल म्हणजे खेचर. या हरणाचे कान खेचरासारखे लांब-रुंद असतात, म्हणून हे नाव. शेपटीचं टोक काळं. नराची शिंगं एका फाट्यातून दोन, दोनातून चार अशी फुटत जातात. आपल्या सांबरासारखीच ती दरवर्षी गळतात आणि नवी येतात. घाबरलं की हे हरीण चारही पाय एकदम उचलून स्प्रिंग लावल्यासारखं उड्या मारत चढावर पळतं. थोडं पुढे गेल्यावर बऱ्याचदा थांबून मागे वळून बघतं. शिकाऱ्यांना ही सवय चांगली माहीत असते.

लेखी नोंद कधीची? सप्टेंबर 1804. लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीतून वर चालली होती. आजच्या साउथ डकोटात त्यांच्यातल्या जॉन कोल्टरने एक हरीण मारून आणलं. क्लार्कने डायरीत त्याच्या गडद रंगाची आणि मोठ्या कानांची दखल घेतली. पुढच्या वर्षी मे महिन्यात लुईसने त्याला म्यूल डिअर हे नाव दिलं.

पण "शोध लागला" वगैरे म्हणू नका हं. त्या डोंगरांत राहणाऱ्या लोकांना हे हरीण हजारो वर्षं माहीत होतं. त्यांच्या अंगावरची कातडी त्याची, पोटातलं अन्न त्याचं.

कोणाचं घर?

इथून आपण कोलोरॅडो राज्याच्या वायव्य भागात, व्हाइट रिव्हर नावाच्या नदीच्या खोऱ्यात जाऊ. आज हा भाग म्यूल डिअरसाठी अमेरिकाभर प्रसिद्ध आहे. दीडशे वर्षांपूर्वी हे युट लोकांचं घर होतं.

1873 मध्ये युट लोकांबरोबर ब्रुनो करार झाला आणि पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेने त्याला मान्यता दिली. दक्षिणेकडच्या सॅन वान डोंगरांत चांदी-सोनं सापडलं होतं, ते डोंगर युट लोकांनी सोडून द्यायचे. बदल्यात त्यांना एक गोष्ट राखून ठेवता आली. जोवर तिथे शिकार आहे आणि जोवर गोऱ्यांशी शांतता आहे, तोवर त्यांना तिथे शिकार करता येईल. म्हणजे जमीन गेली, पण हरीण मारायचा हक्क कागदावर राहिला.

व्हाइट रिव्हरला मात्र तेवढंही नशिबी नव्हतं. तिथे सरकारी एजंट होता नेथन मीकर. युट लोकांनी शिकार सोडावी, घोड्यांची कुरणं नांगरावीत आणि शेतकरी व्हावं, असा त्याचा हट्ट. 1879 मध्ये वाद पेटला, सैन्य आलं, लढाई झाली आणि मीकर मारला गेला. 1881 पर्यंत उत्तरेकडच्या बहुतेक युट लोकांना उचलून युटात पाठवलं गेलं. आणि त्या खोऱ्यातलं मुख्य गाव? त्याचं नाव आजही मीकर आहे.

गोष्ट इथे संपत नाही. लोक हलवले तरी हरणं तिथेच होती, त्यामुळे युट लोक शिकारीला परत यायचे. 1887 मध्ये कोलोरो नावाच्या त्यांच्या म्होरक्याची टोळी अशीच कोलोरॅडोत आली होती. त्यांच्यावर घोडेचोरी आणि शिकारीचा कायदा मोडणं असे आरोप ठेवून शेरीफ आणि राज्याचे शिपाई मागे लागले. गोळीबार झाला, माणसं मेली, टोळी युटात परतली. आपल्या बापजाद्यांच्या डोंगरात हरीण मारणं हा आता गुन्हा झाला होता. म्हणून मघाशी पारध्यांची आठवण करून दिली. दोन खंड, दोन सरकारं, पण तऱ्हा ओळखीची आहे.

रिकामे होत गेलेले डोंगर

मग युट गेल्यावर हरणं सुखात राहिली का? उलट झालं. खाणींच्या वसाहती वाढत होत्या, रेल्वे येत होती, लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या रायफली स्वस्त होत होत्या. खाणकामगारांना मांस हवं होतं आणि पूर्वेच्या शहरांना कातडी. त्यामुळे शिकार हा धंदा झाला. एक माणूस, एक गाडा, एका मोसमात शेकडो जनावरं. मांस विकलं गेलं तर ठीक, नाहीतर कातडी काढून बाकीचं तिथेच टाकायचं. काही कोटींच्या घरात असलेले बायसन 1880 च्या दशकाअखेर काही शेकड्यांवर आले होते. म्यूल डिअर तितके खाली गेले नाहीत, पण जिथे कळप दिसायचे तिथे माग सापडणंही कठीण झालं.

याच काळात न्यूयॉर्कचा एक श्रीमंत तरुण डकोटाच्या उजाड टेकड्यांत रँच घेऊन राहिला होता. नाव थिओडोर रूझवेल्ट. रँचच्या आसपास तो म्यूल डिअर मारायचा. त्या भागात तेव्हा त्याला ब्लॅकटेल म्हणत. शिकार किती झपाट्याने संपतेय हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. 1887 मध्ये त्याने आणि संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी बून अँड क्रॉकेट क्लब काढला. हे लोक शिकारीच्या विरोधात नव्हते. त्यांचा विरोध शिकारीच्या धंद्याला होता.

पुढच्या काही वर्षांत तीन गोष्टी झाल्या आणि आजची सगळी व्यवस्था त्यांच्यावर उभी आहे.

पहिली, जमीन. 1891 पासून राष्ट्राध्यक्षांना जंगलं राखीव ठेवायचा अधिकार मिळाला. त्याच वर्षी व्हाइट रिव्हरचं पठार राखीव झालं, देशातल्या अगदी पहिल्या राखीव वनांपैकी एक. आज कोलोरॅडोची एक तृतीयांशाहून जास्त जमीन केंद्र सरकारकडे आहे आणि तिच्या मोठ्या भागावर कोणीही चालत जाऊ शकतं. दार नाही, मालक नाही.

दुसरी, मालकी. 1896 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पक्ष्यांच्या एका खटल्यात म्हटलं की रानातली शिकार राज्याच्या ताब्यात असते, पण जनतेच्या वतीने. त्यातला मालकीचा मुद्दा कोर्टानेच 1979 मध्ये बाजूला ठेवला. तरी वन्यप्राणी सगळ्यांचे आणि राज्य हे त्यांचं विश्वस्त, ही कल्पना टिकली. इंग्लंडमध्ये हरीण राजाचं किंवा जमीनदाराचं असायचं. इथे तुमच्या शेतात हरीण उभं असलं तरी ते तुमचं नाही.

तिसरी, बाजार. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्रीय गुन्हा ठरला. राज्यांनी मांसविक्रीवर बंदी आणली. आजही तिथे तुम्ही मारलेलं हरीण स्वतः खाऊ शकता, मित्राला देऊ शकता, पण विकू शकत नाही.

आता नीट बघा. राखीव झालेली ती मोकळी जमीन आधी रिकामी केली गेली होती. "सगळ्यांची" म्हणताना त्या "सगळ्यां"मध्ये युट नव्हते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण या इतिहासाच्या गोड आवृत्त्या थेट रूझवेल्टपासून सुरू होतात.

कायबाबचा धडा

व्हाइट रिव्हरचं पाणी ग्रीन नदीतून कोलोरॅडो नदीला मिळतं आणि ती पुढे ॲरिझोनात ग्रँड कॅन्यन कोरत जाते. त्या दरीच्या उत्तर काठावर कायबाब नावाचं पठार आहे. या गोष्टीतला सगळ्यात मोठा घोळ तिथे झाला.

1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने कायबाबला शिकार-संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. हेतू चांगला होता, म्यूल डिअर वाचवायचे. माणसाने शिकार करायची नाही. आणि हरणांना खाणारे प्राणीही नकोत, म्हणून सरकारी शिकारी नेमले गेले. पुढच्या काळात त्यांनी शेकडो माउंटन लायन आणि हजारो कोयोट मारले. उरलेसुरले लांडगेही संपवले. गुरं-मेंढ्यांची चराईही कमी झाली होती. म्हणजे हरणांना खायला भरपूर आणि त्यांना खाणारं कोणी नाही.

सुरुवातीला तिथे साधारण 4,000 हरणं असावीत असा अंदाज होता. 1924 पर्यंत ती किती झाली? कोणी 30,000 म्हणालं, कोणी 1,00,000. अंदाजात तिपटीहून जास्त फरक! आमच्या क्षेत्रात असा डॅशबोर्ड कोणी दाखवला तर मीटिंग तिथेच थांबेल. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. झाडांचा पाला हरणांची मान पोचेल तिथपर्यंत साफ झाला होता आणि जनावरांच्या बरगड्या दिसत होत्या. पुढच्या हिवाळ्यांत हजारो हरणं उपाशी मेली.

यावर उपाय काय सुचला? डिसेंबर 1924 मध्ये एका स्थानिक माणसाने चक्क हाका घालायचं ठरवलं. शंभरेक माणसं जमवायची, त्यात बरेच नवाहो. घंटा आणि डबे वाजवत हजारो हरणं दरीत उतरवायची, नदीतून पोहवायची आणि दक्षिण काठावर चढवायची. कादंबरीकार झेन ग्रे हा तमाशा बघायला हजर होता, सोबत सिनेमाचा कॅमेरा. बर्फाचं वादळ आलं. माणसं एका रेषेत राहीनात आणि हरणं त्यांच्यामधून मागे निसटली. पलीकडच्या काठावर एकही हरीण पोचलं नाही.

शेवटी वनखात्याने शिकार उघडायचं ठरवलं. त्यावर ॲरिझोना राज्य भडकलं. आमच्या कायद्याशिवाय इथलं हरीण मारणारे तुम्ही कोण? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1928 चा निकाल केंद्राच्या बाजूने लागला. स्वतःची जमीन वाचवण्यासाठी केंद्र सरकार तिथली हरणं मारू शकतं. योगायोग असा की ॲरिझोनाच्या गव्हर्नरचं आडनावच हंट होतं, त्यामुळे शिकारीवरच्या या खटल्याचं नाव पडलं "हंट विरुद्ध युनायटेड स्टेट्स".

पुढे 1970 मध्ये ग्रॅम कॉघली या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की कायबाबचे आकडे फारच डळमळीत आहेत आणि सगळं खापर लांडगे-लायन मारण्यावर फोडणं बरोबर नाही, चराई कमी होण्याचाही हात होता. हे मान्य. पण धडा पुसला गेला नाही. नुसती बंदी घालून जबाबदारी संपत नाही, मोजत राहावं लागतं. वनखात्यात नोकरी केलेला आणि तरुणपणी स्वतः लांडगे मारलेला अल्डो लिओपोल्ड याच अनुभवांतून बदलला. 1949 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या त्याच्या पुस्तकाने पुढच्या पिढ्यांना लांडगा, हरीण आणि डोंगर एकत्र बघायला शिकवलं.

पैसे कोण देणार?

मोजायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना द्यायचा. आज लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर हा कर 11 टक्के आहे. यात एक हुशार अट आहे. शिकार परवान्यांच्या फीचे पैसे राज्याने दुसरीकडे वळवले तर हा निधी बंद. मंदीच्या काळात, जेव्हा प्रत्येक राज्याची तिजोरी रिकामी होती, तेव्हा असं कुलूप लावणाऱ्या माणसाला सलाम.

याला दुसरी बाजूही आहे. वन्यजीव खात्याचं पोट बंदुका आणि परवान्यांवर भरत असेल तर ते ऐकणार कोणाचं? जे नुसते बघायला जातात, ज्यांना शिकार नको आहे, त्यांच्या मताचं वजन किती? हा वाद तिथे आजही जोरात आहे.

आजची पहाट

आता सुरुवातीच्या त्या एकट्या माणसाकडे परत बघू. कोलोरॅडोत 1999 पासून हरणाचे परवाने लॉटरीने मिळतात. राज्याचे तुकडे पाडलेले आहेत. हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून नर, माद्या आणि पाडसं मोजतात. त्यावरून कुठल्या तुकड्यात किती परवाने हे ठरतं. चांगल्या जागेसाठी लोक वर्षानुवर्षं पॉइंट साठवतात. 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचा कोर्स पास व्हावा लागतो. रायफलच्या मोसमात अंगावर भडक केशरी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा. हरणाला केशरी रंग नीट कळत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला लांबूनच कळतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडायची. मांस टाकून शिंगं नेली तर गुन्हा.

पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर. आपला वास हरणाकडे जाऊ नये म्हणून शिकारी त्या हिशोबाने बसतो. दुर्बिणीतून तासन्‌तास समोरचा उतार न्याहाळतो. नेम लागला तर खरं काम पुढे. एकटा असेल तर जागेवरच तुकडे करून दोन-तीन खेपांत मांस गाडीपर्यंत आणायचं. काही भागांत डोकं तपासणीला द्यावं लागतं, कारण 1967 मध्ये कोलोरॅडोतल्याच एका संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये एक असाध्य रोग पहिल्यांदा दिसला. हरीण झिजत झिजत मरतं. आता तो बऱ्याच राज्यांत पसरलाय.

हे सगळं होत असताना बघायला कोणी नसतं. परवान्यावर एक हरीण लिहिलंय आणि समोर दोन आहेत. वेळ संपून दहा मिनिटं झालीत आणि नर समोर उभा आहे. तिथे फक्त तो आणि त्याचं मन. लिओपोल्डनेही शिकाऱ्याबद्दल हाच मुद्दा मांडला होता, की त्याला टाळ्या वाजवणारा किंवा शिट्ट्या मारणारा प्रेक्षक नसतो. मला वाटतं, सव्वाशे वर्षांचे कायदे त्या एका क्षणाला पुरे पडत नाहीत. आधी शेकडो गोळ्या झाडायला मोकळीक असलेला माणूस एका टॅगवर आला, हे मोठं काम कायद्याने केलं. उरलेलं त्याच्यावर सोडलंय.

पुढे काय?

म्यूल डिअरची स्थिती फार चांगली नाही. कोलोरॅडोत 2000 च्या दशकात साधारण 6 लाख होते, नंतर ते 4 लाखांच्या आसपास आले. रस्ते, कुंपणं, तेलविहिरी आणि डोंगरपायथ्याची घरं हे सगळं त्यांच्या हिवाळी कुरणात येतं. शेजारच्या वायोमिंगमध्ये एका कळपाची 150 मैलांची स्थलांतराची वाट शास्त्रज्ञांनी कॉलर लावून शोधली, 2014 मध्ये ती जगासमोर आली. त्याच राज्याच्या पश्चिम भागात 2022-23 चा हिवाळा इतका कडक गेला की वायोमिंग रेंजमधल्या कॉलर लावलेल्या पाडसांपैकी जवळजवळ एकही जगलं नाही. मग परवाने कमी झाले.

आणि लांडगे? 2020 मध्ये कोलोरॅडोच्या जनतेने अगदी थोड्या फरकाने मत दिलं की लांडगे परत आणा. डिसेंबर 2023 मध्ये पहिले सोडले गेले. काही शिकारी चिडले, पशुपालक त्याहून जास्त. युट लोकांचं काय? ब्रुनो करारातला तो हक्क बरीच वर्षं जवळपास विसरला गेला होता. पुढे सदर्न युट आणि युट माउंटन युट यांनी राज्य सरकारशी करार करून सॅन वान डोंगरांतली आपली शिकार परत मिळवली. त्यांच्या शिकारीचे नियम आता त्यांची स्वतःची वन्यजीव खाती ठरवतात. घराजवळची शिकार हा शब्दप्रयोग त्यांच्या तोंडी जास्त शोभतो, असं माझं मत.

हीच व्यवस्था आपल्याकडे आणावी असं मी म्हणत नाही. आपली लोकसंख्या, आपली जंगलं, आपला इतिहास वेगळा आहे. पण रानडुकरं आणि रोही पीक खातात तेव्हा आपल्याकडेही हाच प्रश्न उभा राहतो. रानातलं जनावर कोणाचं, त्याची मोजणी कोण करणार आणि ठरवताना त्या जागेवर राहणाऱ्याला विचारणार की नाही? तुमच्या गावाकडे यावर काय बोललं जातं ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच.